पोस्टरवर काय छापायचं? मुंबईत क्विअर गायक म्हणून उभं राहताना

पैसे मिळालेल्या माझ्या पहिल्या कार्यक्रमाचं पोस्टर मी पाहिलं ते डोंबिवलीच्या मावशीच्या फोनवर. नाव बरोबर होतं, गिटार घेतलेला फोटोही बरोबर होता. नावाखाली मात्र आयोजकाने आपल्या मनानेच इंद्रधनुष्य काढून 'समलिंगी प्रेमाची मराठी गाणी' असं छापलं होतं. मला विचारलं नव्हतं. त्याच्या मनात वाईट काही नसावं, चार तिकिटं जास्त खपतील एवढाच हिशेब. पोस्टर इन्स्टाग्रामवरून मावसभावाकडे गेलं आणि तिथून घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर. मावशीने चष्मा लावून ते वरपासून खालपर्यंत वाचलं आणि विचारलं, "हे तुला किती देणारेत?"

"दोन हजार."

"एवढ्यासाठी?"

मावशीचा प्रश्न रास्त होता. घरी सांगायचं मी कधीतरी ठरवलं असतं, बहुधा दिवाळीनंतर. ते दुसऱ्याने ठरवलं, तेही दोन हजारांत. लोकांना वाटतं, बाहेर येणं, म्हणजे आपण कोण ते उघडपणे सांगणं, एकदाच होतं: घरी सांगितलं, रडारड झाली, संपलं. मंचावर उभ्या राहणाऱ्या माणसाला ते दर कार्यक्रमाला नव्याने करावं लागतं. पोस्टर बनवणारा, निवेदक, साउंडवाला दादा, घरमालक, बँक, रात्रीच्या लोकलमधला शेजारी, या प्रत्येकाला किती कळू द्यायचं हे दरवेळी ठरवावं लागतं. आपण ठरवलं नाही तर ते दुसरं कोणीतरी ठरवतं.

क्विअर म्हणजे गे, लेस्बियन, पारलिंगी अशा सगळ्यांसाठीचा एक शब्द. मी गे पुरुष आहे, स्वतःची गाणी लिहितो आणि मुंबईच्या छोट्या जागांमध्ये गातो. खाली लिहिलंय ते बरंचसं चुकून शिकलेलं आहे. पारलिंगी, म्हणजे जन्मावेळी ठरवलेल्या लिंगापेक्षा स्वतःची ओळख वेगळी असलेल्या, गायकांबद्दलचा भाग मित्रमैत्रिणींनी शिकवलेला आहे.

१. आधी वही

पोस्टरच्या आधी एक वही घ्या. डावीकडे माणसं लिहा: आईवडील, भावंडं, घरमालक, ऑफिसातला साहेब, गाण्याच्या क्लासचे गुरुजी, बँडमधले, आयोजक, अनोळखी श्रोते. प्रत्येकापुढे तीनपैकी एक खूण करा: 'माहीत आहे', 'कळलं तर चालेल' किंवा 'आत्ता नको'. यात 'आत्ता नको' हाच रकाना महत्त्वाचा. त्यात एकही नाव असलं तर तुमची ओळख पोस्टरवर जात नाही, फार तर गाण्यात जाते. तोंडी बोललेलं त्या खोलीत राहतं. पोस्टर म्हणजे चित्र, आणि चित्र फॉरवर्ड होतं.

घरमालकाच्या नावापुढे जरा थांबा. मुंबईत बहुतेक करार ११ महिन्यांचे असतात. करारातलं नोटिशीचं कलम वाचून ठेवा, आणि उघडपणे गायला लागण्याआधी तीन महिन्यांचं भाडं बाजूला टाका. ६ सप्टेंबर २०१८ ला सर्वोच्च न्यायालयाने ३७७ कलमातून प्रौढांमधले संमतीचे संबंध वगळले, त्यामुळे तुम्ही गुन्हेगार नाही. पण 'गे भाडेकरू नको' म्हणणाऱ्या खासगी घरमालकाला थेट रोखणारा कायदा अजून नाही. पारलिंगी व्यक्तींसाठी २०१९ चा कायदा आहे. त्यात नोकरी आणि भाड्याच्या घराबाबतच्या भेदभावाला मनाई केलेली आहे. हे कागदावरचं झालं. व्यवहारात घरमालक 'मुलगा अमेरिकेहून येतोय' असंच सांगतो.

वही दर सहा महिन्यांनी उघडा. खुणा बदलतात. माझ्या वहीत मावशी आपोआप पहिल्या रकान्यात गेली.

२. नाव

मंचावरचं नाव आणि कागदावरचं नाव वेगळं असू शकतं आणि ते वेगळं ठेवण्यात काहीही बेकायदेशीर नाही. फक्त कुठलं कुठे लागतं ते पक्कं माहीत हवं. पोस्टर, गाण्याचं कव्हर, स्ट्रीमिंगवरचं कलाकाराचं पान: इथे मंचावरचं नाव. इन्व्हॉइस, बँक खातं, पॅन, रॉयल्टीची नोंदणी: इथे कागदावरचं. आयोजकाच्या अकाउंटंटला दोन्ही माहीत असावीत, पोस्टर काढणाऱ्या पोराला एकच. पॅन कार्डचा फोटो मागितला तर तो बँडच्या ग्रुपवर टाकू नका, अकाउंटंटला स्वतंत्र ईमेल करा. माझ्या एका पारलिंगी मैत्रिणीचं जुनं नाव असंच ग्रुपवर आलं आणि वर्षभर ढोलकीवाला अधूनमधून तेच तोंडात आणत होता.

कायमचं नाव बदलायचं असेल तर महाराष्ट्रात राजपत्रात नावबदल प्रसिद्ध करावा लागतो, आणि मग त्या कागदाच्या जोरावर एकेक ओळखपत्र बदलत जायचं. पॅनच्या अर्जात २०१८ पासून पारलिंगी असा वेगळा पर्याय आहे. हे सगळं उरकेपर्यंत गाणं थांबवू नका. मात्र पहिलं गाणं स्ट्रीमिंगवर टाकण्याआधी मंचावरचं नाव ठरलेलं असू द्या. श्रोते, आकडे, प्लेलिस्ट सगळं त्या पानाला चिकटतं, नंतर पान बदलताना निम्मं वाटेत सांडतं.

३. गाणं लिहिताना: मराठी चुगली करते

इथे मी रेंगाळणार आहे, कारण याबद्दल कोणी बोलत नाही.

मराठी चुगलखोर भाषा आहे. 'मी गेलो' म्हटलं की मी कोण ते कळलं. 'तू आलास' म्हटलं की तू कोण तेही कळलं. एका ओळीत दोघांची जात-कुळी नाही, पण लिंग तरी नक्की बाहेर. इंग्रजीत गाणारे माझे मित्र 'यू' म्हणून सुटतात. आपल्याला क्रियापद पकडतं.

सुटायच्या वाटा मात्र मराठीनेच ठेवल्या आहेत.

भूतकाळात सकर्मक क्रियापद घ्या. 'मी वाट पाहिली' यातलं 'पाहिली' वाटेचं आहे, माझं नाही. 'तू हाक मारलीस' यात स्त्रीलिंगी आहे ती हाक. आणि 'मी तुला पाहिलं' यात तर कोणाचंच काही कळत नाही. दुसरी वाट 'मला'ची: 'मला तुझी आठवण येते', 'मला झोप नाही'. पण 'मला तू आवडतोस' लिहिलंत की पुन्हा सापडलात. तिसरी भविष्यकाळाची: 'मी येईन, तू थांबशील'. चौथी 'तुम्ही'ची. 'तुम्ही आलात' ला लिंग नाही. (हा लेख 'तुम्ही'त का लिहिलाय ते आता कळलं असेल. तुम्ही कोण आहात ते मला माहीत नाही, आणि विचारायचं कारणही नाही.)

कोल्हापूरकडच्यांना आणखी एक सवलत आहे. तिकडच्या मुली 'मी आलो, मी जातो' असंच बोलतात. एक कोल्हापुरी मैत्रीण तिच्या प्रेयसीवरची गाणी आजीच्या बोलीत लिहिते आणि पुण्याचे श्रोते शेवटपर्यंत गोंधळलेले असतात. तिला ते फार आवडतं.

प्रत्यक्ष कसं होतं ते माझ्याच एका गाण्याच्या मुखड्यावर दाखवतो. पहिला खर्डा असा होता:

काल रात्री ठाण्याला मी उतरलो, तू दिसलास
तिकीट हातात होतं, तसाच पुढे निघालास

दोन पुरुष, एक फलाट, सगळं स्वच्छ. पण तेव्हा माझ्या वहीत 'आत्ता नको' मध्ये चार नावं होती. म्हणून हे केलं:

काल रात्री ठाण्याला उतरताना तुला पाहिलं
हातातलं तिकीट हातातच राहिलं

लपवायला गेलो आणि ओळ आधीपेक्षा चांगली झाली. 'पाहिलं-राहिलं' जुळलं, आणि तिकीट आपोआप माझ्या हातात आलं. दोन वर्षं मी हेच गायलो. मग एका छोट्या बैठकीत, पंचवीसेक माणसांसमोर, दुसऱ्यांदा मुखडा घेताना पहिला खर्डा गायलो. 'दिसलास'वर खोलीत एक सेकंद शांतता झाली आणि मागून कोणीतरी 'आहा' म्हणालं. तेव्हापासून एकाच गाण्यात दोन्ही गातो, आधी झाकलेलं, मग उघडं. कुठे गातोय त्यावर दुसरा मुखडा घ्यायचा की नाही ते ठरतं, आणि ते ठरवायला मला गाण्याच्या मध्यापर्यंत वेळ मिळतो.

म्हणून प्रत्येक प्रेमगीताचे दोन्ही खर्डे जपून ठेवा.

कोणी म्हणेल हे असलं मराठीत नवीनच. ज्ञानेश्वरांच्या विराण्या आठवा, त्यात विरहिणी बोलते. पेशवाईतल्या लावण्या लिहिल्या राम जोशी, होनाजी बाळा, प्रभाकर अशा शाहिरांनी आणि त्यात बोलते बाई. बालगंधर्वांनी स्त्रीभूमिकांत गाऊन एक अख्खा काळ वेडा केला. मात्र या मंडळींना आपल्या झेंड्याखाली ओढू नका. त्यांच्या मनात काय होतं ते आपल्याला ठाऊक नाही. उपयोगाची गोष्ट एवढीच की मराठी कानाला पुरुषाच्या गळ्यातून आलेला बाईचा 'मी' शेकडो वर्षं परिचित आहे. त्या ओळखीवर टेकून बरंच काही गाता येतं. 'सखा' हा शब्दच बघा. भजनात चालतो, प्रेमगीतातही चालतो, आणि समोरचा काय ऐकतो ते त्याच्यावर.

जोगत्यांच्या गाण्याबद्दल मात्र सावध राहा. जोगते म्हणजे यल्लमा देवीला वाहिलेले, स्त्रीवेशात वावरणारे भक्त. त्यांचं चौंडकं आणि तुणतुणं हल्ली इंडी, म्हणजे कंपनीशिवाय स्वतंत्रपणे केलेल्या, गाण्यांत 'क्विअर मुळं' म्हणून नमुन्यासारखं चिकटवलं जातं. कर्नाटकातल्या पारलिंगी लोककलावंत मंजम्मा जोगतींना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली, तेव्हापासून जास्तच. ते त्यांचं पूजेचं आणि पोटाचं गाणं आहे. हवं असेल तर वाजवणाऱ्यांना बोलवा, स्टुडिओचे पैसे द्या, श्रेयात नाव घाला. मोबाइलवर रेकॉर्ड करून आणलेला तुकडा वापरू नका.

४. पट्टी

पट्टी म्हणजे तुमचा 'सा' पेटीच्या कुठल्या सुरावर धरायचा ते. गाण्याच्या क्लासमध्ये पोहोचल्यावर पहिल्या पाच मिनिटांत तुमचं लिंग ठरतं, पेटीवर. मुलगी म्हणजे काळी चार-पाच, मुलगा म्हणजे पांढरी एक ते काळी दोन. त्यात न बसणाऱ्याला 'बायकी आवाज' किंवा 'पुरुषी आवाज' असा शेरा मिळतो. हा शेरा ऐकून पट्टी बदलू नका. घसा जिथे ताण न घेता तीन सप्तकांत फिरतो ती तुमची पट्टी, वरच्या सप्तकात नुसता स्पर्श झाला तरी पुरे. गंगूबाई हनगल यांचा आवाज घशाच्या शस्त्रक्रियेनंतर खाली उतरला, आणि त्या त्याच आवाजात आयुष्यभर गायल्या.

पारलिंगी गायकांसाठी: टेस्टोस्टेरॉन सुरू केल्यावर आवाज उतरतो आणि तो बसायला अनेक महिने, कधी वर्षाच्या वर लागतं. आधी वरचे स्वर जातात, मधला पट्टा फाटतो. या काळात एकच गाणं दर महिन्याच्या पहिल्या तारखेला मोबाइलवर रेकॉर्ड करा आणि ताण आला की अर्धी पट्टी खाली या. जोर लावून जुना 'सा' पकडायचा प्रयत्न घशाला महागात पडतो. इस्ट्रोजेनने आवाज वर जात नाही. तिथे स्पीच थेरपिस्ट आणि रियाझ हाच रस्ता. आणि नव्या आवाजाने गायला लागण्याआधी जुन्या आवाजातली गाणी इंटरनेटवर ठेवायची की काढायची ते ठरवा. दोन्ही करणारे माझ्या ओळखीत आहेत, दोघंही सुखात आहेत.

५. पहिला मंच

आधी ऐकायला जा. ज्या जागी गायचंय तिथे दोन कार्यक्रम प्रेक्षक म्हणून बघा. साउंड कसा आहे, बार गाण्याच्या वेळी बंद होतो का, निवेदक प्रेक्षकांतल्या बायकांवर विनोद करतो का, स्वच्छतागृह कुठे आहे. शेवटच्या दोन गोष्टींवरून बाकी सगळं कळतं.

वर्सोव्याच्या आराम नगरमधले छोटे स्टुडिओ आणि खोल्या पहिल्या खेपेला बऱ्या. तिथे लोक ऐकायला येतात. महालक्ष्मीच्या शक्ती मिल गल्लीतलं जीफाइव्हए थोडं पुढच्या टप्प्यावर. लोअर परळच्या मथुरादास मिलच्या आवारातलं अँटीसोशल पूर्ण बँड आणि उभा प्रेक्षक जमला की. पुण्यात हाय स्पिरिट्स. पण जागेवर जीव लावू नका. याच मथुरादास मिलमध्ये २००७ साली ब्लू फ्रॉग सुरू झालं, इंडीवाल्यांची पंढरीच होती ती, आणि २०१६ मध्ये बंद पडलं. जागा जातात. म्हणून पहिल्या दिवसापासून श्रोत्यांचे ईमेल किंवा नंबर, त्यांनी स्वतःहून दिलेले, तुमच्याकडे हवेत. कार्यक्रमाच्या दाराशी एक वही आणि पेन एवढंच लागतं. वहीच्या वर स्पष्ट लिहा: 'टोपणनाव चालेल'. आपल्याकडे येणाऱ्यांपैकी निम्म्यांना खरं नाव द्यायचं नसतं.

क्विअर कार्यक्रम वेगळे. गेसी हा क्विअर गट २००८ पासून आहे आणि त्यांचे ओपन माइक पहिल्यांदा माइक धरणाऱ्याला सांभाळून घेतात. कशिश चित्रपट महोत्सव २०१० पासून मुंबईत होतो आणि तिथे अर्धं शहर ओळखीचं होतं. एकट्याने उभं राहायची भीती असेल तर रेनबो व्हॉइसेस मुंबई हा गायनवृंद आहे. चाळीस गळ्यांमध्ये आपला एक मिसळून द्यायची मजा निराळीच. पुण्यात बिंदुमाधव खिरे यांनी २००२ मध्ये समपथिक ट्रस्ट ही क्विअर लोकांसाठीची संस्था सुरू केली, तिथला प्राइड मोर्चा २०११ पासून.

एक गंमत बघा. मुंबईचा प्राइड मोर्चा वर्षानुवर्षं जानेवारी-फेब्रुवारीत निघतो, पहिला २००८ साली ऑगस्ट क्रांती मैदानातून निघाला होता. पण कंपन्यांचे फोन येतात जूनमध्ये, कारण त्यांचं कॅलेंडर अमेरिकेचं. जूनमध्ये एका महिन्यात तीन-चार ऑफिसांत गाणं होतं, पैसे बरे मिळतात, समोसे असतात. घ्या ते पैसे. २०१६ मध्ये यशराजच्या वाय-फिल्म्सने चहाच्या ब्रँडसाठी पारलिंगी गायकांचा सिक्स पॅक बँड काढला होता, त्या मोहिमेला कान लायन्स या जाहिरातींच्या जागतिक पुरस्कारांमध्ये ग्लास विभागाचं सर्वोच्च पारितोषिक मिळालं. जाहिरातवाल्यांना आपल्या गाण्याची किंमत कळते, आपल्याला कळली पाहिजे. जूनचा फोन आला की मी फी सांगतो आणि विचारतो, "नोव्हेंबरमध्ये बोलवाल का?" दोघांनी बोलावलंय आत्तापर्यंत. फक्त क्विअर मंचांवर राहू नका, फक्त साध्या मंचांवरही नको. एकीकडे टाळ्या फुकट मिळतात, दुसरीकडे गाणं खरोखर तपासलं जातं.

६. मेसेज, पैसे, कागद

छोट्या कार्यक्रमांना करारपत्र नसतं, फोनवर 'हो हो, बघू ना' असतं. म्हणून फोन ठेवल्यावर पाच मिनिटांत हा मेसेज पाठवा. मी शब्द न बदलता वापरतो:

"नमस्कार, शनिवारचं आपलं ठरलेलं असं आहे. (१) ४० मिनिटं, माझी स्वतःची गाणी. (२) फी ८,००० रुपये. निम्मी आधी, निम्मी त्याच रात्री. (३) पोस्टरवरचं नाव आणि त्याखालची ओळ मी पाठवेन तीच जाईल, छापण्याआधी मला दाखवाल. (४) व्हिडिओ टाकण्याआधी विचाराल. (५) प्रेक्षकांपैकी कोणी त्रास दिल्यामुळे कार्यक्रम थांबवावा लागला तरी पूर्ण फी. बरोबर असेल तर 'हो' असं उत्तर द्या."

तिसरा मुद्दा मावशीच्या फोनमुळे आला. पाचवा का आला ते पुढे सांगतो. आजवर एकानेच या मेसेजवर वाद घातला, आणि त्याच्याकडे न गेल्याचं अजिबात वाईट वाटत नाही.

एकाच आयोजकाकडून वर्षात ५०,००० रुपयांच्या वर व्यावसायिक फी गेली की १० टक्के टीडीएस, म्हणजे आगाऊ आयकर, कापतात. तो बुडाला असं समजू नका. पॅनवर जमा झाला का ते आयकर पोर्टलवर बघा आणि विवरणपत्र भरून परत मागा. जीएसटीची नोंदणी वर्षाची उलाढाल २० लाखांच्या वर गेल्यावर लागते, म्हणजे ती चिंता आपल्याला सध्या नाही.

गीतकार किंवा संगीतकार म्हणून आयपीआरएसचं, म्हणजे गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करणाऱ्या संस्थेचं, सभासद व्हा आणि प्रत्येक गाणं नोंदवा. २०१२ च्या कॉपीराइट दुरुस्तीनंतर गीतकार-संगीतकाराचा रॉयल्टीतला वाटा कंपनीला कायमचा लिहून घेता येत नाही. कुणी 'सगळे हक्क आमचे' असा कागद पुढे केला तर हे ठाऊक असावं. दोघांनी मिळून गाणं केलं असेल तर टक्केवारी त्याच दिवशी लिहा, प्रेमात असाल तर त्याच तासाला. आपल्या वर्तुळात बँडमेट आणि माजी जोडीदार बऱ्याचदा एकच व्यक्ती निघते. माझं एक गाणं तीन वर्षं अडकून पडलंय ते याच कारणाने.

७. कार्यक्रमाचा दिवस

निवेदकाच्या हातात दोन ओळींचा कागद द्या आणि 'एवढंच वाचा' म्हणा. एकदा मी हे विसरलो तेव्हा "आता येताहेत जरा वेगळ्या प्रकारचे कलाकार" असं म्हणून त्याने माझ्याकडे पाहून डोळा मारला होता. कागदावर नाव, गाण्यांची भाषा, आणि हवं असेल तर ओळख. पारलिंगी कलाकारांनी 'त्या गातील' की 'ते गातील' हेही पूर्ण वाक्यात लिहून द्यावं. निवेदकाला क्रियापद निवडायची वेळच येऊ देऊ नका.

साउंडवाल्या दादांशी आधी चहा प्या. हे सगळ्यात महत्त्वाचं, आणि यात क्विअर असं काही नाही. त्यांना तुमचं नाव माहीत असलं की मॉनिटर, म्हणजे मंचावर आपल्याला आपलाच आवाज ऐकवणारा स्पीकर, बरा मिळतो आणि गडबड झाली तर मंचाच्या सगळ्यात जवळ तेच असतात. खुणेची गोष्ट आधीच ठरवा: मी गिटारची मान दोनदा खाली केली की सभागृहातले दिवे लावायचे. उजेड पडला की ओरडणारा बहुतेक वेळा गप्प होतो.

छोट्या जागांना ग्रीनरूम नसते. साडी, ड्रॅग (मंचासाठी दुसऱ्या लिंगाचा भडक वेश) किंवा मेकअप असेल तर बदलायची जागा फोनवरच विचारा, 'होईल काहीतरी' हे उत्तर मानू नका. मी एकदा बटाट्याच्या पोत्यांमागे तयार झालोय, आणि माझा तर नुसता कुर्ता होता. मेकअप पुसायचं सामान, एक साधा शर्ट आणि पाणी वेगळ्या पिशवीत ठेवा.

प्रेक्षकांतून शेरा आलाच तर. पहिल्यांदा 'बायल्या' ऐकला तेव्हा मी तार सुरात लावायला घेतली, सावकाश, आणि माइकवर विचारलं, "दादा, गाव कुठलं?" तो सातारा म्हणाला. मी म्हटलं, "मग पुढचं गाणं तुमच्यासाठी, घाटातलं आहे." लोक हसले, तोही हसला, निभावलं. दुसऱ्या वेळी तिघं होते, प्यायलेले, आणि मंचापर्यंत आले. तिथे विनोद करायचा नसतो. दिवे लागले, मी गिटार पेटीत ठेवली आणि मागच्या दाराने बाहेर पडलो. आयोजक दुसऱ्या दिवशी "अर्धीच गाणी झाली ना" म्हणत होता. मी त्याला मेसेजमधला पाचवा मुद्दा दाखवला. पूर्ण पैसे आले.

घरी परतणं हा कार्यक्रमाचाच भाग समजा. उघड्यावर रात्री १० नंतर लाउडस्पीकरला बंदी आहे, पण बंद खोलीतले कार्यक्रम त्याहून लांबतात आणि नवख्याला शेवटचा नंबर देतात. कर्जत-कसाऱ्याची शेवटची लोकल मध्यरात्रीच्या सुमाराला सुटते. वेळ ठरवताना म्हणा: "मला नऊचा नंबर द्या, लांब जायचंय." ते नाहीच जमलं तर टॅक्सीचे पैसे फीमध्ये धरा किंवा जवळच्या मित्राकडे आधीच अंथरूण सांगून ठेवा. मेकअपमध्ये रात्रीच्या लोकलने एकट्याने जाऊ नका. हे लिहिताना मला आवडत नाही, पण तसंच आहे.

८. धमकी आली तर

'तुझ्या ऑफिसला व्हिडिओ पाठवतो, दहा हजार टाक.' असा मेसेज आमच्यातल्या बऱ्याच जणांना एकदा तरी आलाय, बहुतेकदा डेटिंग ॲपवरून. पैसे देऊ नका, एकदा दिले की हप्ता सुरू होतो. मेसेज पुसू नका, स्क्रीनशॉट घ्या, नंबर आणि खात्याचा पत्ता लिहून ठेवा. ही खंडणी आहे, भारतीय न्याय संहितेच्या ३०८ कलमाखाली गुन्हा. झीरो एफआयआर, म्हणजे हद्द न बघता घेतली जाणारी तक्रार, कुठल्याही पोलीस ठाण्यात नोंदवता येतो, पैसे ऑनलाइन गेले असतील तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा. ठाण्यात एकट्याने जाऊ नका. क्विअर लोकांसाठी १९९४ पासून काम करणारा हमसफर ट्रस्ट मुंबईतच आहे, स्त्रियांसाठी आणि पारलिंगी व्यक्तींसाठी १९९५ पासूनचा लाबिया हा गट आहे. मन हललं असेल तर टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा १४४१६ हा नंबर रात्रीही लागतो.

आणि त्रास देणारा आपल्यातलाच असू शकतो. नावाजलेला क्विअर आयोजक, ज्याच्याकडे सगळे मंच आहेत, तोच तालमीनंतर हात धरून बसतो. 'वर्तुळ छोटं आहे, बदनामी होईल' म्हणून लोक गप्प राहतात. किमान दोन माणसांना त्याच आठवड्यात तारीख घालून सांगा, लेखी.

९. दुसऱ्या दिवशी सकाळी

झोपून उठलात की घसा दुखत असला तरी चार गोष्टी करा. सेटलिस्ट, म्हणजे गायलेल्या गाण्यांची यादी, तारखेसह वहीत लिहा, रॉयल्टीच्या नोंदीला ती लागते. दाराशी आलेले नवे ईमेल उतरवून घ्या. व्हिडिओ कोणी टाकलाय का बघा, आणि चौथा मुद्दा मोडला असेल तर काढायला सांगा. मग कागदावरच्या नावाने इन्व्हॉइस पाठवा: तारीख, जागा, रक्कम, पॅन, खाते क्रमांक. आठ दिवसांत पैसे आले नाहीत तर फोन, पंधराव्या दिवशी दुसरा फोन आणि ठरलेल्या मेसेजचा स्क्रीनशॉट.

परवाच्या कार्यक्रमाचं पोस्टर मी स्वतः मावशीला पाठवलं. इंद्रधनुष्य होतं, ओळ माझी होती. तिने लगेच उत्तर दिलं: "वेळ रात्री ९ आहे ती ठीक. पण डोंबिवलीला परत कसा येणार ते कुठे लिहिलंय?"